आकाशकंदिलाचा सांगाडा

दिवाळी चार दिवसांवर येऊन ठेपली म्हणजे ठाण्याचा जांभळी नाका काय, कल्याणची बाजारपेठ काय किंवा डोंबिवलीचा फडके रस्ता काय, जिकडेतिकडे आकाशकंदिलांच्या रांगा लटकूं लागतात. कागदाचे, कापडाचे, प्लॅस्टिकचे. गोल, लांबट, चांदणीच्या आकाराचे. नाना रंगांचे कंदील वाऱ्यावर डोलत असतात. मोल द्यावें, कंदील घरीं आणावा, गॅलरींत टांगावा आणि बटण दाबावें. इतकें केलें कीं उजेड पडतो. परंतु हा कंदील आंतून कसा बांधलेला असतो, इतक्या हलक्या काड्यांच्या जोरावर तो आपला आकार कसा धरून राहतो, असें कोणी विचारलें तर उत्तर देणारे आपणांपैकीं किती निघतील? या वर्षीं आम्हां कांहीं विद्यार्थ्यांना हा प्रश्न पडला. त्याचें उत्तर शोधतांना आम्हीं जें वाचलें, जें पाहिलें आणि जें स्वतःच्या हातांनीं केलें, तें वाचकांपुढें मांडावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम नांवाकडे पाहूं. 'कंदील' हा शब्द आपल्याकडे फार लांबचा प्रवास करून आला आहे. लॅटिन भाषेंत मेणबत्तीला 'कॅंडेला' म्हणत. तोच शब्द ग्रीकांच्या तोंडून अरबांकडे गेला, तेथें 'किंदील' झाला आणि पुढें मराठींत येऊन स्थिरावला. इंग्रजींतील 'कॅंडल' हा त्याचाच भाऊबंद. शब्द परका असला तरी उंचावर दिवा टांगण्याची चाल आपल्या देशांत जुनी आहे. कार्तिक महिन्यांत उंच वेळूच्या शेंड्याला आकाशदीप लावावा, म्हणजे पितरांना वाट दिसते, अशी श्रद्धा आहे. वसईकडील व गोव्यांतील ख्रिस्ती घरांवर नाताळांत चांदणी लागते, ती बेथलेहेमच्या ताऱ्याची खूण होय. सण वेगळे, श्रद्धा वेगळ्या. पण जुन्या पद्धतीनें बांधलेला कंदील घ्या कीं चांदणी घ्या, कागदाखालीं त्याच बांबूच्या कामट्या आढळतात.

कंदिलांसाठीं आज जगांत विशेष नांवाजलेलें एक ठिकाण म्हणजे व्हिएतनाम देशांतील होई आन. पंधराव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकापर्यंत हें भरभराटीचें बंदर होतें. चिनी व जपानी व्यापारी तेथें येऊन राहिले होते. १९९९ सालीं युनेस्कोनें त्या जुन्या वस्तीचा जागतिक वारशांत समावेश केला. तिथला कंदील बांबूच्या बारीक पट्ट्यांचा असून त्यावर रेशमी कापड ताणून चिकटवितात. त्याचा सांगाडा छत्रीसारखा मिटतो, त्यामुळें प्रवाशाला तो पेटींत घालून नेतां येतो. अशा प्रवाशांसाठीं तेथें तास-दोन तासांचे शिकवणीचे वर्ग चालतात. त्यांत बहुधा सांगाडा आधींच तयार ठेवलेला असतो. पाहुण्यानें आवडीचें कापड निवडावें, खळ लावावी, कापड सुरकुती न पडूं देतां बसवावें आणि आपला कंदील घेऊन आनंदानें जावें. हौसेला एवढें पुरेसें आहे. परंतु बांबू भिजविणें, वाळविणें, चिरणें आणि त्याच्या सारख्या पट्ट्या काढणें हें कठीण काम तिथल्या कारागिराच्याच हातीं राहतें, आणि पाहुण्याच्या तें दृष्टीस पडत नाहीं.

आम्हांला इतक्या दूर जाण्याचें कारण पडलें नाहीं. आपलें कल्याण हेंही एके काळीं नामांकित बंदर होतें. सुमारें १९०० वर्षांपूर्वींच्या 'पेरिप्लस' नांवाच्या ग्रीक पुस्तकांत त्याचा उल्लेख आहे. ठाण्याहून कल्याणपर्यंत १८५४ सालीं आगगाडी सुरू झाली. त्याच मार्गानें आम्ही सुटीच्या दोन दिवशीं कल्याणास एका वृद्ध कारागिराकडे गेलों. ते वर्षभर इतर काम करितात आणि दसऱ्यापासून कंदील बांधावयास बसतात. "कागद चिकटवायचा कीं बांबू चिरायचा?" असें त्यांनीं आम्हांस प्रथमच विचारलें. "आजोबा, बांबू," असें आम्हीं म्हणतांच ते क्षणभर आमच्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "बसा तर, बाळांनो. कागदाला पुष्कळ येतात. बांबूला कित्येक वर्षांत कोणी आलें नाहीं."

बांबू हें झाडासारखें उंच वाढतें, तरी वनस्पतिशास्त्राप्रमाणें तें गवत आहे. आपल्या वनकायद्यांत मात्र त्याची गणना वृक्षांत होत असे. २०१७ सालीं कायद्यांत दुरुस्ती झाली, तेव्हां 'वृक्ष' या व्याख्येंतून बांबू वगळला गेला. बांबूचे तंतु पेरापासून पेरापर्यंत उभे व सरळ गेलेले असतात. म्हणून कोयत्याची धार टोंकावर ठेवून वरून एक हलका घाव घातला कीं चीर आपोआप खालीं धांवते. लांकूड कापावें लागतें, बांबू फुटतो. तरी त्यालाही युक्ति लागते. कामटीचे नेहमीं दोन सारखे भाग करीत जावें. चीर एका बाजूला कलूं लागली, तर जी बाजू जाड राहत असेल तिला अधिक वांकवावें, म्हणजे चीर पुन्हां मध्यावर येते. बाहेरच्या सालीकडचे तंतु दाट व चिवट असतात, आंतला गर ठिसूळ असतो. म्हणून कामट्या सालीकडच्या घ्यावयाच्या आणि गर तासून टाकावयाचा. सूप-टोपल्या विणणारा बुरूड हें सर्व काम न बघतां करितो. आम्हांला तें दोन दुपारींत अर्धवट साधलें; पण या सोप्या दिसणाऱ्या कामांत किती वर्षांचा हात लागतो, हें नीट कळलें.

आतां सांगाडा. आपला जुना आकाशकंदील पुष्कळांनीं पाहिला असेल: चारी बाजूंना कोनावर उभे केलेले चार चौकोन, त्यांच्या मधून वर व खालीं त्रिकोण, आणि तळाशीं झिरमिळ्या. तो बांधण्यास २४ काड्या लागतात आणि त्या सगळ्या एकाच लांबीच्या असाव्या लागतात. आजोबा माप म्हणून वीतभर लांबीची एक काडी बाजूला ठेवितात व प्रत्येक कामटी तिच्याशीं लावून तोडतात. चार-चार काड्यांचे चार चौकोन प्रथम बांधावयाचे; ते कोनावर उभे करून शेजारच्या कोनाला कोन जोडीत वर्तुळ पुरें करावयाचें; मग वरचीं चार टोंकें चार काड्यांनीं आणि खालचीं चार टोंकें चार काड्यांनीं जोडावयाचीं. झाल्या २४ काड्या. मोजून पाहिलें तर १२ कोंपरे, ६ चौकोन आणि ८ त्रिकोण मिळतात. आर्किमिडीजच्या नांवानें प्रसिद्ध असलेल्या १३ घनाकृतींपैकीं ही एक होय. कोंपरे आणि पृष्ठें यांची बेरीज कडांपेक्षां दोननें अधिक भरते, हा ऑयलरचा नियमही येथें बोटांवर पडताळतां येतो: १२ आणि १४ मिळून २६, कडा २४. ज्यांना भूमिति रुक्ष वाटते, त्यांनीं हा एक कंदील बांधून पाहावा.

सर्व काड्या बांधून झाल्यावर आजोबांनीं तो सांगाडा हातांत धरून किंचित पिळला, तों तो एका अंगाला कलला. आमच्यापैकीं एकानें विचारलें, "आजोबा, गांठी सैल राहिल्या का?" ते म्हणाले, "गांठी बरोबर आहेत. अजून कागद कोठें लागला आहे?" या उत्तराचा अर्थ आम्हांला शाळेंत परत आल्यावर उमगला. तीन काड्यांचा त्रिकोण बांधला तर तो हालत नाहीं. पण चार काड्यांचा चौकोन कोंपऱ्यांशीं दाबला कीं तिरपा होतो. मॅक्सवेल या शास्त्रज्ञानें १८६४ सालीं असा हिशेब मांडला कीं, सांगाडा ताठ राहावयाचा असेल तर कोंपऱ्यांच्या तिपटीतून सहा वजा केले असतां जी संख्या येते, निदान तितक्या काड्या हव्यात. आपल्या कंदिलाचे कोंपरे १२. त्याला ३० काड्या हव्यात, आणि आहेत २४. सहा कमी पडल्या. चौकोनही नेमके सहाच आहेत! प्रत्येक चौकोनाला एक कर्ण दिला तर उणीव भरून निघते. वरच्या चौकोनांत दिवा टांगण्यासाठीं एक आडवी काडी कोंपऱ्यापासून कोंपऱ्यापर्यंत बांधतात, तशीच खालींही एक बांधतात. राहिले बाजूचे चार चौकोन. त्यांवर कागद ताणून चिकटविला कीं चौकोन तिरपा होऊं पाहील तेव्हां कागद त्याला ओढून धरितो. म्हणजे ज्या कागदाला आम्ही नुसती शोभा समजत होतों, तो चार काड्यांचें काम करितो. ज्यानें ही पद्धत प्रथम बसविली, त्याच्यापुढें मॅक्सवेलचा हिशेब नव्हता. पण हातांतला सांगाडा डळमळतो कीं उभा राहतो, हें त्याला कळत होतें.

कागद पतंगाचा वापरावा. तो इतका पातळ असतो कीं उजेड त्यांतून पार जातो, आणि इतका दुधी असतो कीं जातांना तो पसरतो. त्यामुळें दिव्याचा झोत डोळ्यांवर न येतां सबंध कंदीलच उजळलेला दिसतो. खळ मैद्याची किंवा कणकेची, पाण्यांत ढवळून मंद आंचेवर शिजविलेली असावी. ओला कागद वाळतांना आकसतो आणि आपोआप ताणला जातो. म्हणून तो लावतांना फार जोरानें ओढूं नये. वरचा चौकोन मोकळा ठेवावा. पूर्वीं आंत पणती असे. तिच्यावरची तापलेली हवा हलकी होऊन वरून निघून जाई व ताजी हवा खालून आंत येई. ही वाट बंद केली तर ज्योत मंदावते आणि कागद करपतो. आज एलईडीचा लहान दिवा लावावा हें उत्तम. तो जुन्या तारेच्या दिव्याच्या मानानें फारच कमी तापतो.

कंदील आणि शाळा यांचें नातें इतरत्रही दिसतें. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत जर्मनींतील नीस्की गांवीं मोरेव्हियन पंथाची एक निवासी शाळा होती. तिथल्या पुष्कळ मुलांचे आईबाप दूरदेशीं मिशनच्या कामावर असत. तेथें भूमितीचा अभ्यास म्हणून कागदाचा अनेक टोंकांचा तारा करण्यास शिकवीत, आणि नाताळापूर्वींच्या दिवसांत तो दिवा घालून टांगीत. पुढें हेर्नहूट गांवीं त्याचा कारखाना निघाला आणि तो तारा देशोदेशीं गेला. त्याचीं टोंकें २५: चौकोनी पायाचीं १७ आणि त्रिकोणी पायाचीं ८. वर्गांतला धडा घराच्या दारावर उजळूं शकतो, याचें हें उत्तम उदाहरण होय.

आतां थोडें पालकवर्गास उद्देशून. २०१८ च्या मार्च महिन्यांत महाराष्ट्र सरकारनें प्लॅस्टिकच्या व थर्मोकोलच्या अनेक वस्तूंवर बंदी घातली, तेव्हांपासून कागदाच्या व बांबूच्या कंदिलांकडे लोकांचें लक्ष पुन्हां वळूं लागलें आहे. पालघर जिल्ह्यांत, जो २०१४ पर्यंत ठाणें जिल्ह्याचाच भाग होता, आदिवासी स्त्रिया बांबूचे कंदील करून विकतात व चार पैसे मिळवितात. ही समाधानाची गोष्ट आहे. तथापि सांचांतून निघालेल्या कंदिलाशीं हाताच्या कंदिलाला किंमतींत टक्कर देतां येत नाहीं. आजोबांची सबंध सकाळ एका सांगाड्यांत जाते. त्या सकाळीचें मोल गिऱ्हाईक देत नाहीं, म्हणून त्यांचा मुलगा नोकरीला लागला, आणि त्याला कोणी दोष देऊं नये. सर्वांनीं हा धंदा करावा असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु विद्या जाण्याचे दोन मार्ग आहेत: शिकविणारा राहत नाहीं, किंवा शिकणारा येत नाहीं. पहिल्यावर इलाज नाहीं. दुसऱ्यावर आहे, आणि तो फार महागही नाहीं: एक बांबू, एक कोयता, दोऱ्याचें एक रीळ, पतंगाचे चार कागद आणि दोन मोकळ्या दुपारी. कोयता मोठ्या माणसानें हातीं धरावा व लहानांनीं काड्या मोजाव्या, म्हणजे इजाही होणार नाहीं.

आपल्या ओळखीच्या घरांतून, चाळींतून, वाड्यांतून कामटी चिरणारे हात अजून आहेत. कोणाचे आजोबा असतील, कोणाच्या आत्या असतील, कोणाचे शेजारी असतील. विद्यार्थी मित्रहो, त्यांना विचारा. कागद चिकटवून देण्यास सांगूं नका. बांबूपासून आरंभ करावयास सांगा. पहिला सांगाडा कदाचित वांकडा होईल. तो कां वांकडा झाला हें काड्या मोजून पाहा आणि दुसरा बांधा. मग दिवाळीच्या रात्रीं अथवा नाताळांत तो दारावर उजळेल, तेव्हां रस्त्यानें जाणाऱ्याला नुसता रंग दिसेल. तुम्हांला मात्र त्या रंगाच्या आंत २४ काड्या दिसतील, आणि त्या कशाच्या जोरावर उभ्या आहेत, हेंही सांगतां येईल.