ग्लॅडिओलस : हौशी संकरण

ग्लॅडिओलसाच्या (कुल–आयरिडेसी) दोन भिन्न प्रकारांत हाताने परागण घडवून आणणे व मिळालेल्या बियांच्या रोपांतून नवे प्रकार निवडणे, हा अनेक देशांतील बागकामाच्या शौकिनांचा जुना उद्योग आहे. याच कुलातील आयरिसाचे आजचे उद्यानीय प्रकार तर बव्हंशी अशाच लोकांच्या हातून निर्माण झाले. केंब्रिज येथील शरीरक्रियावैज्ञानिक सर मायकेल फॉस्टर (१८३६–१९०७) यांनी आशिया मायनरमधून आणविलेल्या मोठ्या फुलांच्या आयरिसांचे संकर आपल्या घरच्या बागेत केले. अमेरिकेत १९२० मध्ये स्थापन झालेल्या आयरिस सोसायटीच्या सभासदांनी ते काम पुढे नेले. तथापि दाढीवाल्या आयरिसाला फुलण्यासाठी हिवाळ्यातील कडक थंडी व विश्रांतिकाळात कोरडी जमीन लागते. कोल्हापूरच्या पावसाळ्यात त्याची मूलक्षोडे कुजून जातात. दख्खनच्या पठारावरील हौशी संकरकाला या कुलातील ग्लॅडिओलस हीच खरी सोयीची वनस्पती होय. पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर व नासिक या जिल्ह्यांत फुलांसाठी तिची लागवड होते, त्यामुळे चांगले जनक प्रकार मिळविणे अवघड नाही.

ग्लॅडिओलसाच्या बहुतेक रानटी जाती आफ्रिकेतील, विशेषतः दक्षिण आफ्रिकेतील आहेत. विल्यम हर्बर्ट या इंग्रज धर्मोपदेशकाने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांचे संकर केले. बेल्जियममध्ये बेडिंगहाउस या माळ्याने तयार केलेला गँडाव्हेन्सिस हा संकरज १८४१ मध्ये व्हान हाउट या रोपवाटिकाकाराने विक्रीस आणला आणि तेथून आधुनिक मोठ्या फुलांच्या प्रकारांची परंपरा सुरू झाली. विसाव्या शतकाच्या आरंभी झँबीझी नदीवरील व्हिक्टोरिया धबधब्याजवळची एक पिवळी जाती इंग्लंडमध्ये पोहोचली. तिची वरची पाकळी टोपीसारखी पुढे वाकलेली असते. तिच्यामुळे पिवळ्या व नारिंगी छटा आणि नाजूक बांध्याची फुले यांची भर पडली.

या इतिहासाचा परिणाम संकरकाला पदोपदी जाणवतो. रानटी दक्षिण आफ्रिकी जातींत सामान्यतः ३० गुणसूत्रे असतात, तर बागेतील प्रकार चतुर्गुणित असून त्यांत ती ६० असतात. त्यामुळे मेंडेल यांच्या वाटाण्याप्रमाणे ३ : १ असे सरळ प्रमाण येथे दिसण्याची अपेक्षा धरू नये, एकाच बोंडातील रोपे परस्परांहून बरीच वेगळी निघतात. बंगलोरजवळील हेस्सरघट्टा येथील भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने ‘ब्लॅक जॅक’ व ‘फ्रेंडशिप’ या एकाच जोडीपासून ‘अप्सरा’ व ‘नजराणा’ हे दोन निराळे प्रकार निवडले, हे याचे चांगले उदाहरण होय. पुण्यास गणेशखिंड येथे महात्मा फुले कृषी विद्यापीठाने निवडलेले ‘फुले गणेश’, ‘फुले तेजस’, ‘फुले नीलरेखा’ व ‘फुले प्रेरणा’ हे प्रकार महाराष्ट्राच्या हवेत पारखलेले असल्याने मातृवृक्ष म्हणून नव्हे, तर मातृकंद म्हणून त्यांचा प्रथम विचार करावा. बागेतील प्रकार व द्विगुणित रानटी जाती यांच्या संकरातून त्रिगुणित संतती येते आणि ती बहुधा वंध्य असते. सुवासासाठी हा मार्ग अनेकांनी चोखाळला. न्यूझीलंडमध्ये जोन राइट यांनी पूर्व आफ्रिकेतील सुवासिक जातीच्या संकरातून मिळविलेला ‘लकी स्टार’ प्रसिद्ध आहे. मात्र सुवास अद्यापि या फुलाला सहज वश झालेला नाही.

कोल्हापुरात कंदांची लागवड पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबरमध्ये करतात व फुले सु. अडीच ते तीन महिन्यांत येतात. लवकर व उशिरा फुलणारे प्रकार एकत्र यावेत म्हणून दर १५ दिवसांनी थोडे थोडे कंद लावावेत. फुलाची रचना संकरकाला अनुकूल आहे : केसरदले तीनच, मोठी व सहज धरता येणारी, किंजल्क त्रिखंडी. शिवाय परागकोश आधी फुटतात व किंजल्क एकदोन दिवसांनी ग्रहणक्षम होतो. कणिशाच्या खालच्या भागातील कळीत रंग पूर्ण दिसू लागताच, ती उमलण्यापूर्वी, चिमट्याने तिन्ही परागकोश काढून टाकतात. परिदलेही कापली, तर मधमाश्यांना उतरण्यास जागा राहत नाही. अन्यथा कागदी पिशवी बांधावी. किंजल्काचे खंड पसरून मखमली दिसू लागले, की सकाळी दव वाळल्यावर त्यावर दुसऱ्या प्रकाराचे पराग कुंचल्याने लावतात. कोरडे पराग काचेच्या कुपीत आर्द्रताशोषकासह शीतकपाटात काही आठवडे टिकतात. लगेच चिठ्ठी बांधून प्रथम बीजमाता, नंतर परागपिता व तारीख लिहावी. चिठ्ठीवर शाईऐवजी पेन्सिलीने लिहिणे बरे. शाई पाण्याने पुसली जाते आणि नाव नसलेले बोंड संकरकाच्या दृष्टीने जवळजवळ निरुपयोगी ठरते. कणिशावर तीनचार बोंडे ठेवून वरच्या कळ्या खुडाव्यात व दांड्याला काठीचा आधार द्यावा. सु. पाच-सहा आठवड्यांत बोंड तपकिरी होऊन तडकू लागते. आत पातळ पंखांच्या पुष्कळ बिया असतात. पंखाच्या मधोमध टणक गाभा न लागणारी बी पोकळ समजावी.

बी कोरड्या जागी ठेवून पुढील ऑक्टोबरात चाळलेली माती, कुजलेल्या पानांचे खत व नदीची वाळू यांच्या मिश्रणात उथळ पेरतात. दोन ते चार आठवड्यांत गवतासारखी पाने दिसतात. ती तण समजून उपटली जाण्याची भीती असते. पहिल्या हंगामाअखेर प्रत्येक रोपाखाली वाटाण्याएवढा दृढकंद तयार होतो. काही रोपे दुसऱ्या, तर बहुतेक तिसऱ्या हंगामात फुलतात.

खरा धोका या मधल्या पावसाळ्यांत असतो. प्रत्येक रोप ही स्वतंत्र व्यक्ती असून तिचा जगात एकच कंद असतो. तो कुजला, तर तो प्रकार कायमचा गेला. तोच संकर पुन्हा करून तेच रोप मिळत नाही. पंचगंगेकाठच्या काळ्या, पाणी धरून ठेवणाऱ्या जमिनीत कंद पावसाळाभर राहू दिल्यास फ्यूजेरियम या कवकामुळे होणारी मर व कूज त्यांना सहसा सोडत नाही. म्हणून पाने पिवळी पडताच मार्च-एप्रिलमध्ये कंद काढतात, सावलीत दोनतीन आठवडे सुकवितात, जुना सुरकुतलेला कंद अलग करतात आणि बुरशीनाशकाच्या द्रावणात बुडवून पुन्हा वाळवितात. नंतर ते जाळीच्या पिशवीत हवेशीर जागी ठेवतात. शक्य असल्यास ४° ते ५° से. तापमानात सु. तीन महिने ठेवल्याने त्यांची सुप्तावस्थाही सुटते. घरगुती शीतकपाटाचा खालचा कप्पा या कामी पुरतो. मात्र घरातील इतरांची संमती आधी मिळवावी लागते. बियांपासून सुरुवात करण्याचा एक मोठा लाभ येथेच नोंदविला पाहिजे : जुन्या प्रकारांना कंदांवाटे पिढ्यान्‌पिढ्या जडलेले विषाणू बियांतून बहुधा येत नाहीत, त्यामुळे नवे रोप निरोगी सुरुवात करते. मावा व फुलकिडे यांवर लक्ष न ठेवल्यास हा लाभ दोनतीन वर्षांत नाहीसा होतो.

फुले आल्यावरचे काम परागणापेक्षा कठीण आहे, कारण ते मुख्यतः टाकून देण्याचे असते. शंभर रोपांतून पुन्हा लावण्याजोगी दोनतीन निघाली, तरी हंगाम चांगला गेला असे म्हणावे. केवळ रंगावर भाळून निवड करणारे फसतात. दांडा सरळ व ताठ हवा. पुष्पके एका दिशेला तोंड करून, एका वेळी निदान पाच-सहा उमललेली असावीत. कापून पाण्यात ठेवल्यावर वरच्या कळ्या उमलल्या पाहिजेत. दुपारच्या उन्हात पाकळ्यांच्या कडा करपू नयेत. कोल्हापुरात फेब्रुवारीच्या उत्तरार्धात ऊन तापू लागते, तेव्हा ही शेवटची कसोटी आपोआप होते. हे सर्व गुण असूनही कंदाभोवती पुरेशा कंदिका न धरणारा प्रकार पसरत नाही. निवड एका हंगामावर न करता निदान दोन हंगाम पाहून करावी व तोपर्यंत नाव देऊ नये. नाव दिलेले रोप टाकून देणे फार जड जाते, असा सर्वत्र अनुभव आहे. पहिल्या कंदिका मिळताच त्या वेगळ्या प्रकारच्या जमिनीत, उदा., शिरोळकडील कमी पावसाच्या भागातील एखाद्या परिचिताकडे, वाढविण्यास देणे शहाणपणाचे ठरते.

नव्या प्रकाराला कायद्याचे संरक्षणही मिळू शकते. ‘वनस्पती जाती संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियम, २००१’ नुसार प्रकार नवा, इतरांहून भिन्न, एकसारखा व स्थिर असावा लागतो. कंदांनी वाढणाऱ्या ग्लॅडिओलसाच्या बाबतीत एकसारखेपणा व स्थैर्य या अटी पाळणे तुलनेने सोपे असते. भिन्नता मात्र सिद्ध करावी लागते. याच अधिनियमाच्या कलम ३० नुसार नोंदलेल्या प्रकाराचाही नवा प्रकार निर्माण करण्यासाठी जनक म्हणून उपयोग करता येतो. व्यापारी उत्पादनासाठी त्याचा जनक म्हणून पुनःपुन्हा उपयोग करावयाचा असल्यास नोंदणीधारकाची परवानगी आवश्यक असते. अर्ज करताना जनकांची माहिती द्यावी लागते आणि ती देण्यासाठी पहिल्या बोंडावर बांधलेल्या चिठ्ठीपासूनची नोंदवही जपून ठेवलेली असावी लागते.