‘स्मृती’ ही संज्ञा आणि गुरांची लस

शरीरात पूर्वी शिरलेल्या जंतूला प्रतिकारक पेशी पुन्हा ओळखतात, या घटनेस जीवशास्त्रात ‘स्मृती’ म्हणतात. व्यवहारातून उसना घेतलेला शब्द आपले जुने अर्थही शास्त्रात घेऊन येतो. कमावलेली स्मृती सहसा टिकते, असा आपला समज असतो. लसीवरील भरवसाही त्यावरच उभा आहे. गोचिडींमार्फत पसरणाऱ्या, गुरांच्या ॲनाप्लाज्मा रोगात हा समज तपासून घ्यावा लागतो.

सर अर्नोल्ड थायलर यांनी १९१० च्या सुमारास दक्षिण आफ्रिकेत या रोगाच्या जंतूचे वर्णन केले. तांबड्या रक्तपेशीच्या कडेशी दिसणारा तो ‘मार्जिनाले’. मध्याजवळ दिसणारा, सौम्य तो ‘सेंट्राले’. या दुसऱ्या जंतूची जिवंत लस दक्षिण आफ्रिका, इस्राएल, ऑस्ट्रेलिया इत्यादी देशांत वापरली जाते. ती तीव्र आजार टाळते. संसर्ग मात्र टाळत नाही.

प्रतिकाराचे सूत्र सीडी-४ या साहाय्यक टी-पेशींच्या हाती असते. त्या इंटरफेरॉन-गॅमा स्रवून भक्षक पेशींना उद्युक्त करतात आणि प्रतिपिंडे निर्माण होण्यास साहाय्य करतात. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात वासरांना जंतूच्या पृष्ठभागावरील एका प्रथिनाची लस टोचली, तेव्हा अशा पेशी भरपूर निर्माण झाल्या. पुढे त्यांना प्रत्यक्ष जंतूंचा संसर्ग घडविला. रक्तातील जंतूंची संख्या शिखरास पोहोचण्याच्या सुमारास त्याच पेशी रक्तातून नाहीशा झाल्या.

पेशी निष्क्रिय झाल्या की नष्ट झाल्या, हा येथे कळीचा प्रश्न होय. केवळ प्रतिसाद मोजला असता तर हा भेद कळला नसता. परंतु संशोधकांनी त्या पेशींच्या विशिष्ट ग्राहकांनाच चिकटणारी खूण वापरून पेशी मोजल्या, आणि त्या जवळजवळ आढळल्याच नाहीत. म्हणजे हे ‘विस्मरण’ नव्हे. स्मरण करणाराच उरला नव्हता. याउलट, संसर्गानंतरही प्रतिपिंडे दीर्घकाळ भरपूर टिकतात, असे २०१० च्या अभ्यासात दिसले. तरीही जंतू आपली पृष्ठप्रथिने पालटीत राहतो आणि बरे झालेले जनावर बहुधा जन्मभर त्याचे वाहक राहते.

यावरून दोन गोष्टी ध्यानात येतात. लस टोचल्यानंतर लगेच मोजलेला पेशींचा प्रतिसाद हा संरक्षणाचा पुरावा ठरत नाही. संसर्गानंतरही तो मोजला पाहिजे. दुसरे असे की, ‘स्मृती’ ही संज्ञा टाकण्याचे कारण नाही; मात्र ती कोणाची, प्रतिपिंडांची की पेशींची, हे प्रत्येक वेळी सांगितले पाहिजे.