वर्गखोली, ग्रंथालय आणि बाजार : मानवी वर्तनाचा अभ्यास कसा करतात?

पाठाची उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यावर विद्यार्थ्याला पुढील गोष्टी जमाव्यात :
१. माणसाच्या वागण्याचे कारण स्वभावात शोधणे आणि परिस्थितीत शोधणे, यांतला फरक सांगता येणे.
२. निरीक्षण, तुलना आणि प्रयोग या तीन पद्धती उदाहरणांसह समजावता येणे.
३. एखाद्या निष्कर्षावर कितपत विश्वास ठेवावा, हे तपासता येणे.

प्रस्तावना

पुढील तीन वाक्ये आपण सर्वांनी कधी ना कधी ऐकलेली असतात. ‘मुले ग्रंथालयात येत नाहीत, कारण त्यांना वाचनाची आवडच नाही.’ ‘गरीब पालक मुलांना शाळेत पाठवत नाहीत, कारण त्यांना शिक्षणाचे महत्त्व कळत नाही.’ ‘भाजीवाला जन्मभर कर्जात राहतो, कारण त्याला हिशेब जमत नाही.’

तिन्ही वाक्यांची घडण एकच आहे. आधी वागणे दिसले, मग त्याचे कारण थेट माणसाच्या स्वभावाला चिकटवले. तो माणूस कोणत्या परिस्थितीत तसे वागला, हे कोणी पाहिलेच नाही. दुसऱ्याच्या वागण्याचा अर्थ लावताना स्वभावाला जास्त आणि परिस्थितीला कमी महत्त्व देण्याच्या या सवयीला ली रॉस या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये नाव दिले. मराठीत आपण तिला ‘गुणारोपणातील मूलभूत चूक’ म्हणू.

ही चूक केवळ शब्दांची नाही. कारण ठरले की उपायही ठरतो. मुलांना आवड नाही असे मानले, की ग्रंथालयाची तरतूद कापली जाते. पालक उदासीन आहेत असे मानले, की त्यांना भाषण ऐकवले जाते. कारण दुसरेच निघाले तर पैसा वाया जातो आणि ज्याला मदत हवी होती त्यालाच दोष लागतो. म्हणून कारण तपासण्याची पद्धत शिकायची. यासाठी आपण बहुतांशी चेन्नई आणि तमिळनाडूतील उदाहरणे घेऊ.

१. ग्रंथालय : रंगनाथन यांचे निरीक्षण

शियाळी रामामृत रंगनाथन (१८९२–१९७२) हे मूळचे गणिताचे प्राध्यापक. त्यांचे जन्मगाव शियाळी, म्हणजे आजचे सीर्काळी, तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यात होते. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकवत असताना १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल म्हणून त्यांची नेमणूक झाली. प्रशिक्षणासाठी ते लंडनला गेले आणि तेथील अनेक ग्रंथालये त्यांनी हिंडून पाहिली. लंडनच्या सेल्फ्रिजेस या मोठ्या दुकानात त्यांनी मेकॅनो हा खेळ पाहिला. मोजक्याच पट्ट्या आणि नटबोल्ट वापरून हवी ती रचना करता येते, या कल्पनेतून पुढे त्यांची द्विबिंदू वर्गीकरण पद्धती (१९३३) आकाराला आली. ही गोष्ट बहुतेक पाठ्यपुस्तकांत असते. आपल्या विषयासाठी मात्र त्यांचे दुसरे काम जास्त महत्त्वाचे आहे.

रंगनाथन यांचे ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत १९३१ मध्ये पुस्तकरूपाने आले. त्यांचा आशय असा : ग्रंथ वापरण्यासाठी असतात, प्रत्येक वाचकाला त्याला हवा तो ग्रंथ मिळावा, प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा, वाचकाचा वेळ वाचवावा, आणि ग्रंथालय ही वाढत जाणारी संस्था आहे. परीक्षेत हे पाच सिद्धांत पाठ करून लिहिले जातात. पण पहिल्या सिद्धांताची चर्चा करताना रंगनाथन कशाकशाचा विचार करतात ते पाहा : ग्रंथालय कुठे बांधले आहे, ते किती वेळ उघडे असते, तिथले फर्निचर कसे आहे, कर्मचारी कसे वागतात. वाचकाच्या आवडीनिवडीवर ते प्रवचन देत नाहीत. वाचक येत नसेल तर त्याच्या वाटेत काय आडवे येते, हा त्यांचा प्रश्न आहे.

यातला सर्वांत मोठा अडथळा म्हणजे बंद कपाटे. जुन्या पद्धतीत वाचकाने चिठ्ठी लिहायची, शिपायाने पुस्तक शोधायचे आणि तोवर वाचकाने बाकावर बसून राहायचे. समजा, एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात रोज २०० विद्यार्थी येतात आणि प्रत्येकाची १५ मिनिटे वाट पाहण्यात जातात. म्हणजे रोज ३००० मिनिटे, अर्थात ५० तास. शिवाय चिठ्ठीवर ज्याचे नाव लिहिता येते तेच पुस्तक मागता येते. ज्याचे नावच ठाऊक नाही ते पुस्तक वाचकाला कधीच भेटत नाही. रंगनाथन यांनी मुक्तप्रवेश पद्धतीचा, म्हणजे वाचकाने स्वतः कपाटापर्यंत जाऊन पुस्तक चाळण्याचा, आग्रह धरला तो यासाठी.

वाचकाला ग्रंथालयापर्यंत येणेच शक्य नसेल तर? १९३१ मध्ये मन्नारगुडी भागात बैलगाडीवरचे फिरते ग्रंथालय सुरू झाले. कनकसभै पिळ्ळै या अभियंत्याने ते उभे केले आणि रंगनाथन यांचा त्याला पाठिंबा होता. पुस्तके गावात गेली, की गावकऱ्यांना वाचनाची आवड आहे की नाही हे निदान तपासता तरी येते. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १९१० पासून उभारलेल्या ग्रंथालय व्यवस्थेतही फिरत्या पेट्यांमागचा विचार हाच होता.

आजचे उदाहरण म्हणजे चेन्नईच्या कोट्टूरपुरम भागातील अण्णा शताब्दी ग्रंथालय. ते २०१० मध्ये सुरू झाले. तिथे स्वतःची पुस्तके आणून वाचणाऱ्यांसाठी स्वतंत्र जागा आहे. जुन्या व्याख्येप्रमाणे असा माणूस ग्रंथालयाचा वाचकच नव्हे, कारण तो ग्रंथालयाचे एकही पुस्तक घेत नाही. पण स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्याची गरज वेगळी असते. त्याला शांत जागा, पंखा, दिवा आणि टेबल हवे असते. पुण्यातल्या पेठांमधल्या अभ्यासिका याच गरजेवर चालतात. केवळ पुस्तकांच्या देवघेवीची नोंद मोजली तर हे वर्तन कागदावर उमटतच नाही. म्हणून निरीक्षणाचा पहिला नियम असा : काय मोजायचे हे ठरवतानाच काय दिसणार नाही, हेही ठरत असते.

२. बाजार : दिसते ते घेतले जाते

ग्रंथालयातील मुक्तप्रवेशासारखाच बदल किरकोळ व्यापारातही झाला. आपल्याकडच्या वाण्याच्या दुकानाप्रमाणे अमेरिकेतही पूर्वी गिऱ्हाईक काउंटरपुढे उभे राहून यादी सांगत असे आणि दुकानदार माल काढून देत असे. १९१६ मध्ये मेम्फिस शहरात क्लॅरेन्स साँडर्स यांनी ‘पिगली विगली’ हे स्वयंसेवा दुकान काढले. गिऱ्हाईक स्वतः फडताळांमधून फिरू लागले. चेन्नईत १९९६ मध्ये ‘फूडवर्ल्ड’ची साखळी सुरू झाली, तेव्हा ही पद्धत इथल्या मध्यमवर्गाच्या रोजच्या खरेदीत आली. यादी घेऊन काउंटरला उभा असलेला ग्राहक आणि टोपली घेऊन फिरणारा ग्राहक हा एकच माणूस असतो, तरी दोन ठिकाणी त्याची खरेदी वेगळी होते. स्वभाव तोच आहे, मांडणी बदलली आहे.

पण मांडणीचे नियम घाईने ठरवू नयेत. शीना अय्यंगार आणि मार्क लेपर यांचा २००० साली प्रसिद्ध झालेला जॅमचा प्रयोग प्रसिद्ध आहे. कॅलिफोर्नियातील एका दुकानात चव घेण्यासाठी कधी २४, तर कधी ६ प्रकारचे जॅम मांडले. २४ प्रकारांपाशी अधिक लोक थांबले, पण थांबलेल्यांपैकी सुमारे ३ टक्क्यांनीच जॅम विकत घेतला. ६ प्रकारांपाशी हे प्रमाण सुमारे ३० टक्के होते. यावरून ‘जास्त पर्याय म्हणजे कमी विक्री’ असा नियमच अनेकांनी करून टाकला. २०१० मध्ये अशा अनेक प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण झाले, तेव्हा सरासरी परिणाम शून्याजवळ निघाला. काही परिस्थितींत पर्यायांचा त्रास होतो, काहींत होत नाही. एक प्रयोग म्हणजे नियम नव्हे.

३. कोयंबेडूचे गणित

आता प्रस्तावनेतील भाजीवाल्याकडे वळू. सेंधिल मुल्लैनाथन आणि एल्डार शफीर यांनी टंचाईच्या मानसशास्त्रावरील आपल्या २०१३ च्या पुस्तकात चेन्नईच्या कोयंबेडू बाजारातील विक्रेत्यांचे उदाहरण घेतले आहे. असे विक्रेते सकाळी सावकाराकडून भांडवल घेतात, माल विकतात आणि संध्याकाळी व्याजासह परत करतात. हिशेबासाठी धरू : कर्ज १००० रुपये, व्याज दिवसाला ५ टक्के. म्हणजे रोज ५० रुपये व्याजात जातात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा १००० रुपये उचलावे लागतात.

विक्रेत्याने रोज आणखी फक्त ५ रुपये बाजूला काढले, म्हणजे ५० ऐवजी ५५ रुपये भरले, तर? n दिवसांनंतर उरलेले कर्ज ११०० वजा (१०० गुणिले १.०५ चा n वा घात) इतके असते. १.०५ चा n वा घात ११ झाला की कर्ज शून्य होते. लॉगरिदम घेऊन पाहा, n सुमारे ४९ येतो. म्हणजे रोजच्या ५ रुपयांनी दोन महिन्यांच्या आत कर्ज संपते! मग विक्रेते असे का करत नाहीत? ‘हिशेब जमत नाही’ हे उत्तर इथे फार मोहक वाटते. पण रोज खरेदी-विक्री करणाऱ्या माणसाला हिशेब जमत नाही, हे पटणे कठीण आहे.

डीन कार्लन, मुल्लैनाथन आणि बेंजामिन रॉथ यांनी चेन्नई आणि फिलिपिन्समधील विक्रेत्यांवर प्रयोग केला. तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे यादृच्छिक पद्धतीने काही विक्रेते निवडले आणि त्यांचे सावकारी कर्ज संशोधकांनीच फेडले. उरलेले विक्रेते तुलनेसाठी ठेवले. कर्जाचा सापळा हेच एकमेव कारण असते, तर सापळ्यातून सुटलेले विक्रेते मोकळेच राहायला हवे होते. प्रत्यक्षात बहुतेकजण सहा आठवड्यांत पुन्हा कर्जात गेले आणि वर्ष-दोन वर्षांनी दोन्ही गटांची कर्जे सारखीच झाली.

हा निकाल आपल्या पाठाच्या सूत्राविरुद्ध जातो का? परिस्थिती बदलली तरी वर्तन बदलले नाही, म्हणजे दोष स्वभावाचाच, असे कोणी म्हणेल. मात्र प्रयोगाने बदलले काय, ते नीट पाहा. कर्ज गेले, पण शिल्लक आली नाही. मूल आजारी पडले, पावसात माल भिजला, घरात लग्न निघाले, तर पैसा आणायचा कुठून? वरच्या सूत्रात ४९ दिवस काहीही विपरीत घडत नाही. खऱ्या आयुष्यात ते घडते. मुल्लैनाथन आणि शफीर यांचे स्पष्टीकरण याच दिशेचे आहे : हाताशी मोकळीक नसेल तर एक छोटा धक्काही माणसाला पुन्हा जुन्या जागी नेतो. परिस्थितीचा एक भाग बदलणे म्हणजे परिस्थिती बदलणे नव्हे.

४. शाळा : एका परिणामाची दोन कारणे

१९२० मध्ये मद्रास महापालिकेने, जस्टिस पक्षाचे पी. त्यागराय चेट्टी यांच्या काळात, थाउजंड लाइट्स भागातील शाळेत दुपारचे खाणे देण्याचे ठरवले. पुढे कामराज यांनी १९५६ मध्ये आणि एम. जी. रामचंद्रन यांनी १९८२ मध्ये ही कल्पना राज्यभर नेली. २०२२ पासून तमिळनाडूत सकाळच्या न्याहारीची योजनाही आहे. या सर्वांमागे एक गृहीतक आहे : मूल शाळेत येत नाही याचे कारण पालकांच्या मतात नसून रिकाम्या पोटात असू शकते.

अलीकडचे उदाहरण कोविडनंतरचे आहे. शाळा उघडल्या त्याच सुमारास तमिळनाडू सरकारने ‘इल्लम तेडी कल्वी’ ही योजना आणली. तिच्यात स्वयंसेवक संध्याकाळी वस्तीतच मुलांना शिकवत. मुलांची पातळी सुधारली, पण श्रेय कोणाचे? शाळेचे की योजनेचे? शिवाय ज्या घरांना शिक्षणाची ओढ जास्त, तीच मुलांना अशा वर्गाला धाडत असतील, तर फरक योजनेचा नसून घराचा ठरेल. याला स्वयंनिवड म्हणतात. अभिजीत सिंग, मॉरिसिओ रोमेरो आणि कार्तिक मुरलीधरन यांनी ग्रामीण तमिळनाडूतील मुलांच्या चाचण्या घेतल्या, त्यांची २०१९ च्या पातळीशी तुलना केली आणि मुलांचे आधीचे गुणही हिशेबात धरले. शाळा उघडल्यावर सहा महिन्यांत सुमारे दोन-तृतीयांश नुकसान भरून निघाले आणि या भरपाईचा अंदाजे चौथा हिस्सा योजनेमुळे होता, असे त्यांना आढळले. योजना उपयोगी ठरली, पण सगळे श्रेय तिचे नव्हते. असे मोजून दिलेले उत्तर धोरण ठरवणाऱ्याच्या कामाचे असते.

५. घ्यायची काळजी

माणूस म्हणजे तपासणीसाठी ठेवलेली तुळई नव्हे. त्याच्याकडे कोणी पाहत आहे हे कळले की तो वेगळा वागतो. तो प्रश्नाचे उत्तर समोरच्याला बरे वाटेल असे देतो. म्हणून शक्य तिथे विचारण्याबरोबर प्रत्यक्ष वागणेही नोंदवावे. मात्र ही नोंद त्याच्या संमतीने असावी. कोणी कोणते पुस्तक नेले किंवा काय विकत घेतले, ही खाजगी माहिती आहे. अभ्यासाला आकडे लागतात, नावे लागत नाहीत.

सारांश

निरीक्षणातून प्रश्न मिळतो, तुलनेतून अंदाज मिळतो आणि यादृच्छिक प्रयोगातून कारणाबद्दल सर्वांत भक्कम पुरावा मिळतो. तरीही प्रयोग एका जागेचा आणि एका काळाचा असतो. ‘हे लोक असेच’ हे वाक्य मनात आले की तिथे थांबू नये. तिथून अभ्यास सुरू करावा.

स्वाध्याय

१. आपल्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात एक तास बसा. किती जण पुस्तक घेतात, किती जण स्वतःचे वाचतात आणि किती जण वाट पाहतात ते मोजा. कोणाचेही नाव लिहू नका.
२. कोयंबेडूच्या गणितात विक्रेत्याने २० व्या दिवशी आजारपणासाठी जादा ३०० रुपये उचलले, आणि तो रोज ५५ रुपयेच भरत राहिला, तर कर्ज कधी संपेल? उत्तराचा अर्थ दोन वाक्यांत सांगा.
३. ‘ग्रंथालयाची वेळ रात्री दहापर्यंत वाढवल्यावर निकाल सुधारला’ असा दावा कोणी केला, तर त्याच निकालाची आणखी कोणती तीन कारणे असू शकतात? ती वेगळी काढण्यासाठी कोणती तुलना कराल?
४. जॅमच्या प्रयोगाचा आधार घेऊन एखाद्या महाविद्यालयाने वैकल्पिक विषय कमी केले, तर त्या निर्णयावर कोणता आक्षेप घ्याल?