एक्लिप्स घोडा व त्याचा वंश

शर्यतीच्या घोड्याचें नांव निघालें कीं मैदान, गर्दी आणि पैजा हींच चित्रें बहुतेकांच्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. परंतु घोडा मैदानावर धांवतो तो थोडींच वर्षें. पुढें त्यास पैदाशीसाठीं ठेविलें, तर त्याच्या गुणांची दुसरी परीक्षा सुरू होते, आणि ती त्याच्या मरणानंतरहि पिढ्यान् पिढ्या चालते. या दोन्ही परीक्षांस उतरलेल्या एका इंग्लिश घोड्याची हकीकत आम्ही आमच्या वाचकांपुढें ठेवीत आहों.

शर्यतीच्या घोड्यांच्या ज्या जातीस 'थरोब्रेड' म्हणतात, ती सतराव्या व अठराव्या शतकांत इंग्लंडांत तयार झाली. तेथील घोड्यांचा पूर्वेकडून आणलेल्या घोड्यांशीं संकर करण्यांत आला. सर्व थरोब्रेड नरांची पितृपरंपरा शेवटीं बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन व गोडॉल्फिन अरेबियन या तीन घोड्यांपैकीं एकापाशीं जाऊन पोंचते. यांपैकीं डार्ली अरेबियन हा १७०४ सालीं सीरियांतील अलेप्पो शहराहून इंग्लंडांत आला. आमचा कथानायक त्याचा खापरपणतू होय.

त्याचा जन्म १ एप्रिल १७६४ रोजीं झाला. त्या दिवशीं सूर्यग्रहण होतें, म्हणून ग्रहणवाचक इंग्रजी शब्दच त्याचें नांव झाला : एक्लिप्स. दुसऱ्या जॉर्ज राजाचा पुत्र ड्यूक ऑफ कंबरलंड हा त्याचा धनी. हा ड्यूक पुढच्याच वर्षीं वारला, आणि त्याच्या घोड्यांच्या विक्रींत हें शिंगरूं विल्यम वाइल्डमन नांवाच्या जनावरांच्या व्यापाऱ्यानें अवघ्या ७५ गिनींस घेतलें. घोडा मोठा तापट निघाला. कोणास अंगाला हात लावूं देईना, तेव्हां त्यास खच्ची करावें असाहि विचार झाल्याचें सांगतात. तो विचार अमलांत आला असता, तर घोडा कदाचित् निवळला असता व शर्यतीहि जिंकता. परंतु पुढील सारा वंश तेथेंच खुंटला असता.

पांच वर्षांचा होईपर्यंत त्यास शर्यतींत उतरविलें नाहीं. ३ मे १७६९ रोजीं एप्सम येथें तो प्रथम धांवला. त्या काळीं एकाच शर्यतीच्या अनेक फेऱ्या होत, आणि प्रत्येक फेरी चार मैलांची असे. पहिली फेरी एक्लिप्सनें सहज जिंकली. तेव्हां डेनिस ओकेली नांवाच्या आयरिश जुगाऱ्यानें पैज मारली कीं, पुढील फेरींत पहिला एक्लिप्स येईल, आणि बाकीचे कोठेंच असणार नाहींत! या बोलण्यांत शब्दांची खुबी होती. जिंकणाऱ्या घोड्याच्या मागें जो २४० यार्डांहून अधिक राही, त्याचा क्रम नियमाप्रमाणें लावीतच नसत. झालेंहि तसेंच. ओकेलीनें मग आधीं ६५० गिनींस अर्धा हिस्सा व पुढें ११०० गिनींस उरलेला हिस्सा घेऊन घोडा आपला केला.

सुमारें सतरा महिन्यांत एक्लिप्स अठरा शर्यती धांवला व एकहि हरला नाहीं. यांपैकीं अकरा शर्यती राजाच्या बक्षिसाच्या होत्या. १७७० च्या एप्रिलांत न्यूमार्केट येथें ब्युसेफालस या अजिंक्य घोड्यानें त्यास थोडा जोर करावयास लावला, इतकेंच. कित्येक वेळां तर समोर कोणी उभाच न राहिल्यामुळें तो एकटाच धांवून विजयी ठरला. अखेर त्याच्याविरुद्ध पैसा लावण्यास कोणी मिळेना, म्हणून त्यास मैदानावरून काढून एप्समनजीक पैदाशीस ठेविलें.

येथें मात्र त्यास बरोबरीचा गडी भेटला. ज्यांच्या संततीनें वर्षांत सर्वांत अधिक बक्षिसें मिळविलीं अशा घोड्यांच्या यादींत हेरॉड, व पुढें त्याचा पुत्र हायफ्लायर, हेच पहिले राहिले. एक्लिप्सला तें स्थान कधींच मिळालें नाहीं. तरी त्याची संतति कांहीं सामान्य नव्हती. प्रसिद्ध डर्बी शर्यत १७८० सालीं सुरू झाली, आणि १७८१, १७८३ व १७८४ या सालीं ती त्याच्याच पुत्रांनीं जिंकली. परंतु वंश विस्तारला तो मुख्यतः एका निराळ्याच पुत्राकडून. त्याचें नांव पोटॅटोज, म्हणजे बटाटे! हें नांव लिहावयास सांगितलें असतां तबेल्यांतील पोऱ्यानें 'पॉट' लिहून पुढें आठ 'ओ' काढले, अशी आख्यायिका आहे. पोटॅटोजचा पुत्र वॅक्सी व वॅक्सीचा पुत्र व्हेलबोन या दोघांनीं डर्बी जिंकली. आज जगांतील शंभर थरोब्रेड नरांपैकीं सुमारें ९५ जणांची पितृपरंपरा डार्ली अरेबियनपर्यंत जाते, आणि ती जवळजवळ सर्व एक्लिप्सच्याच द्वारें. मुंबईच्या महालक्ष्मी मैदानावर किंवा पुण्यास धांवणारे थरोब्रेड घोडेहि त्याच गोतांतले. जिवंतपणीं जो दुसरा ठरला, त्याचाच वंश काळानें पहिला केला.

१७८९ च्या फेब्रुवारींत पोटशुळानें एक्लिप्स मेला. लिआँ येथील पशुवैद्य सेंबेल हा तेव्हां इंग्लंडांत होता. त्यानें प्रेताची चिरफाड करून अवयवांचीं मापें घेतलीं, तों तीं शास्त्रांत सांगितलेल्या सुंदर घोड्याच्या प्रमाणांशीं जुळेनात! या कार्यानें सेंबेलचें नांव झालें, आणि १७९१ सालीं लंडनांत पशुवैद्यकाचें विद्यालय निघालें तेव्हां तोच त्याचा पहिला अध्यापक झाला. एक्लिप्सचा म्हणून जतन केलेला सांगाडा त्याच संस्थेंत आहे.

या यशास दुसरीहि एक बाजू आहे. जो तो मालक त्याच त्या विजयी घराण्यांकडे धांवूं लागला, म्हणजे नातें जवळचें होत जातें व रक्तांतील विविधता कमी होते. थरोब्रेडांत गेल्या पन्नास वर्षांत असेंच घडत आल्याचें आनुवंशशास्त्रज्ञांस आढळलें आहे. ज्या घोड्याचें मोल बाजारानें ७५ गिनी ठरविलें, ज्यास धन्यांनीं निर्वंश करण्याचें मनांत आणिलें, आणि ज्याचा बांधा पुस्तकांतील प्रमाणांत बसला नाहीं, त्यानेंच सबंध जात व्यापिली. तेव्हां आज जीं शिंगरें कोणाच्या नजरेंत भरत नाहींत, त्यांची वाट बंद करण्यापूर्वीं पैदास करणारांनीं या एक्लिप्सची आठवण ठेवावी, हेंच बरें.