उतरायचं कुणाकडे?

बदलापूरकराला रोज गाडीत चढायला जागा मिळत नाही आणि सुट्टीत उतरायला जागा मिळत नाही, असं आमचे एक शेजारी म्हणायचे. यातलं पहिलं दुखणं अजून तसंच आहे. दुसऱ्याचं रूप मात्र गेल्या पन्नास वर्षांत पार बदललं. तान्ह्या मुलांबरोबरचा प्रवास मी लेक, आई आणि आता आजी अशा तिन्ही नात्यांनी केला आहे, त्यामुळे हा बदल मला जवळून बघायला मिळाला.

माझे वडील अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत होते. सत्तरच्या दशकात आमच्या क्वार्टर्समध्ये एप्रिल लागला की एकच विषय असायचा, "यंदा कुणाकडे उतरायचं?" गाव आधी ठरत नसे, माणूस ठरत असे. आत्या नाशकात म्हणून नाशिक, मामा साताऱ्याला म्हणून सातारा. वडील पोस्टकार्ड टाकायचे, "आम्ही पाचजण दहा तारखेस येत आहोत." उत्तराची वाट कुणी बघत नसे. होल्डॉल, फिरकीचा तांब्या आणि धाकट्या भावाच्या झोळीसाठी आईची जुनी नऊवारी एवढं सामान घेऊन आम्ही कल्याणला गाडीत बसायचो. आत्याच्या माजघरात कडीला झोळी टांगली की मुक्काम पडला. रात्री भाऊ रडायला लागायचा तेव्हा आई उठेपर्यंत आत्याने दूध कोमट करून आणलेलं असायचं.

हे चित्र गोड आहे, पण अर्धं आहे. दिवाळीत आत्याची मंडळी आमच्याकडे यायची तेव्हा दोन खोल्यांत अकराजण असायचे आणि आई पहाटे चारला उठून पाणी तापवत बसायची. त्या पाहुणचाराचं बिल कुणी फाडलं नाही, पण ते घरोघरच्या बायकांच्या कंबरेने भरलं.

ज्यांना गावच उरलं नव्हतं, त्यांचं काय? माझ्या वर्गात उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधून येणारी एक सिंधी मैत्रीण होती. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना आसरा मिळाला, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या कल्याण कॅम्पाचं उल्हासनगर झालं. हा इतिहास मला पुढे कळला. तेव्हा मी तिला विचारलं होतं, "तू सुट्टीत मामाकडे जात नाहीस?" ती म्हणाली, "जाते ना. कॅम्प तीनला." आजोळचं खरं गाव सिंधमध्ये राहिलं होतं. मग तिच्या घरचे हरिद्वारला जायचे आणि धर्मशाळेत उतरायचे. नात्याबाहेर उतरणं, तेही चिल्ल्यापिल्ल्यांसकट, मी पहिल्यांदा ऐकलं ते तिच्या तोंडून.

आम्ही ते शिकलो एलटीसीमुळे. केंद्र सरकारच्या नोकरांना चार वर्षांतून एकदा भारतात कुठेही जाण्यासाठी प्रवास सवलत मिळायची. पण सवलत होती गाडीभाड्याची, राहण्याची नव्हे. त्यामुळे दूरच्या गावी पोचलं की स्टेशनातून थेट धर्मशाळा गाठायची. खोली मिळे, गादी भाड्याने मिळे, चादर आपली. नळ मजल्यावर एकच. आई खोलीत शिरल्याबरोबर खिडकीचे गज हलवून बघायची आणि मगच भावाला कडेवरून खाली ठेवायची. पुढे शेगावला गजानन महाराज संस्थानच्या भक्तनिवासात उतरलो, तेव्हा कमी पैशांत इतकी स्वच्छ खोली मिळू शकते याचं तिला नवल वाटलं होतं. परतल्यावर महिनाभर ती शेजारणींना दर्शनाआधी तिथल्या मोरीचं वर्णन ऐकवत होती. लेकुरवाळ्या बाईला देवळाच्या कळसाआधी मोरी दिसते, हे मला स्वतःच्या मुली झाल्यावर कळलं.

नव्वदच्या दशकात मी लग्न होऊन बदलापुरात आले होते. तोवर नातेवाइकांचीही घरं फ्लॅटमध्ये आली होती आणि आठ दिवस राहायला जाणं दोन्ही बाजूंना जड व्हायला लागलं होतं. पर्यटन महामंडळ १९७५ सालीच स्थापन झालं होतं, पण आमच्यासारख्यांनी त्याची निवासं बघितली ती आता. गणपतीपुळ्याला समुद्र खोलीच्या दारात असल्यासारखा. थोरली तीन वर्षांची होती. तिचा हात दोन दिवस सोडवेना, कारण तिथला समुद्र दिसतो तसा गरीब नाही. समोरचा देखावा जितका जवळ, तितकी आईची झोप लांब, हा धडा तिथे मिळाला.

१९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाली, पण आमचं कोकण उघडलं ते वेगळ्याच कारणाने. १७ नोव्हेंबर १९९७ रोजी दिवेआगरला एका वाडीत खणताना सोन्याचा गणपती सापडला आणि बघता बघता गावात पर्यटकांची रीघ लागली. घराघरावर पाट्या चढल्या, 'राहण्याची व जेवणाची घरगुती सोय'. आम्ही २००० सालच्या डिसेंबरात गेलो तेव्हा धाकटी दीड वर्षाची होती. घरमालकीण काकूंनी आमच्या पिशव्या आत घेण्याआधी तिच्याकडे बघितलं, काही न बोलता मागे गेल्या आणि आगरातल्या विहिरीकडे जाणाऱ्या वाटेवर आडवा बांबू बांधून आल्या. संध्याकाळी अंथरुणं घालताना चादर झटकली, उशा उलटसुलट केल्या आणि माझ्या चपलाही आपटून बघितल्या. "विंचवाचं काय सांगावं," म्हणाल्या.

त्या उगाच घाबरवत नव्हत्या. कोकणात विंचूदंशाने लहान मुलं दगावत, आणि महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपचार रूढ केल्यावर ते मृत्यू खूप कमी झाले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा मला काकूंची ती चादर आठवली.

दुसऱ्या रात्री धाकटीला सणसणून ताप चढला. मी फक्त मधलं दार वाजवलं. काकूंचा मुलगा स्कूटर काढून बोर्ली पंचतनला गेला आणि तासाभरात डॉक्टरांना मागे बसवून घेऊन आला. सकाळी मुलीला ओटीवर बसवून, सुपारीवरची खार दाखवत काकूंनी तिला मऊ भात भरवला. त्या मुक्कामाचे पैसे दिले, पण त्या भाताचे कसे देणार?

पुढच्या दशकात गंमत झाली. मुंबईकर हवा खायला आमच्याकडे येऊ लागले. बदलापूर, वांगणी, नेरळ, कर्जत या पट्ट्यात फार्महाउस आणि रिसॉर्ट उभे राहिले. नेरळच्या सगुणाबागेसारख्या शेतावर शहरातली मुलं बैलगाडीत बसायला आणि गळ टाकून मासे धरायला येऊ लागली. शेतावरच्या मुक्कामाला पुढे नावही मिळालं आणि २०२० साली राज्याने कृषी पर्यटनाचं धोरणच आणलं.

मग आम्हीही मुंबईकरांसारखे वागलो. २००८ साली दिराच्या अडीच वर्षांच्या जुळ्यांना घेऊन तासाभरावरच्या एका रिसॉर्टला गेलो. माहितीपत्रकात तलावाचा निळाशार फोटो होता. प्रत्यक्षात तलावाला कुंपण नव्हतं आणि आमची खोली त्याच्या काठावर. बाल्कनीच्या कठड्याच्या दोन गजांमधून एका जुळ्याचं डोकं आरपार जात होतं. दिराने जिन्यातली खुर्ची आणून बाल्कनीच्या दाराला आडवी लावली. रात्री दोनला दुसऱ्याला उलट्या सुरू झाल्या. इंटरकॉम मुका, कार्यालयाला कुलूप. जाऊबाई अंधारात, चिखलातून फाटकापर्यंत पहारेकऱ्याला शोधत गेली. महागड्या खोलीत सगळं होतं, फक्त दार वाजवावं असं कुणी नव्हतं.

तेव्हापासून जागा निवडण्याची माझी एकच कसोटी आहे. रात्री दोनला मूल रडलं तर कुणाचं दार वाजवायचं? आत्याकडे ते वाजवावंही लागलं नव्हतं. काकूंकडे एका हाकेत उघडलं. बाकी चांदण्या, तारे, तलाव, न्याहारी हे सगळं नंतर.

या कसोटीला एकदा आमचं गावही लागलं. २७ जुलै २०१९ रोजी कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये उल्हास नदीच्या पुरात अडकली. हजारावर प्रवासी, त्यांत गरोदर बाया आणि लहान मुलं. एनडीआरएफ आणि नौदलाने त्यांना बाहेर काढलं आणि बदलापूरच्या मंगल कार्यालयात आणलं, तिथे डॉक्टर होते, जेवण होतं. आमच्या गल्लीतून दूध, बिस्किटं, कोरडी झबली गेली. त्या दिवशी त्या मुलांनी न निवडलेल्या मुक्कामी दार उघडणारे आम्ही होतो.

वर्षभराने, ३ जून २०२० रोजी, निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन-दिवेआगरच्या पोफळी आणि नारळ आडवे केले आणि घरांची छपरं उडवली. टाळेबंदीने आधीच ओस पडलेल्या खोल्या त्यात उघड्यावर आल्या. त्यातून ती माणसं पुन्हा उभी राहिली, याचं श्रेय त्यांच्या कष्टांना.

आता थोरली लेक मोबाइलवर जागा शोधते. फोटो शंभर, अभिप्राय दोनशे. मागच्या वर्षी तिने एक बंगला भाड्याने घेतला, त्याची किल्ली दाराशेजारच्या आकड्यांच्या पेटीत होती. मालक कोण ते शेवटपर्यंत दिसलं नाही. बंगला सुंदर होता, पण बाळाच्या दुधाला सकाळी सहाला गॅस संपला तेव्हा तिने कुणाला फोन करायचा ते मला विचारलं. मी बदलापुरात होते!

म्हणून नव्या आयाबापांना एवढंच सांगते. ॲपवर जागा जरूर शोधा, पण पैसे भरण्याआधी एकदा फोन करा. गरम पाणी किती वाजता येतं, जवळचा डॉक्टर किती अंतरावर, जवळ विहीर-तलाव असेल तर त्याला कुंपण आहे का, मऊ भात करून मिळेल का आणि रात्री तिथे कोण झोपतं, हे विचारा. 'बाजारापासून पाच मिनिटं' असं कुणी म्हणालं तर मूल कडेवर घेऊन किती, तेही विचारा. माथेरानला तर विचाराच, कारण तिथे दस्तुरी नाक्यापुढे तुमची गाडी नाही. आणि पोचल्यावर एकदा गुडघ्यांवर बसून खोली बघा, मुलाला दिसते तशी. उघडं सॉकेट, खाटेचा कोपरा, गजांमधली फट, सगळं तिथूनच दिसतं.

यंदा दिवाळीनंतर नातवाला घेऊन दिवेआगरला जायचं ठरलं, म्हणून जुन्या वहीतल्या नंबरावर फोन लावला. काकू आता नाहीत, घर सून चालवते. किती माणसं, किती दिवस हे तिने नंतर विचारलं. पहिला प्रश्न होता, "बाळ रांगतं की चालतं?"

आगाऊ रक्कम पाठवून दिली आहे.