हंसराजाची जोपासना

यवतमाळ जिल्ह्यांतील एखाद्या जुन्या बांधीव विहिरींत पावसाळ्यांत डोकावून पाहिलें असतां दगडांच्या सांध्यांतून लोंबणारें एक नाजूक झाड दृष्टीस पडतें. त्याचे देंठ काळेभोर व तारेसारखे बारीक, आणि पानें अर्धचंद्राच्या आकाराचीं असतात. हाच हंसराज होय. यास फूल नाहीं व फळहि नाहीं. पानांच्या दुमडलेल्या कडेखालीं धुळीसारखीं बीजुकें होतात, व त्यांपासून याची प्रजा वाढते.

कपाशी व तूर पिकविणाऱ्यानें असल्या झाडाकडे कां लक्ष द्यावें, असें कोणी विचारील. परंतु कूपनलिका झाल्यापासून कित्येक जुन्या विहिरी पडक्या झाल्या किंवा बुजल्या, व त्यांबरोबर हंसराजाचें घरहि गेलें. विहीर बुजविण्यापूर्वीं त्याचे चार गड्डे ओसरीवर आणून ठेवणें कोणासहि कठीण नाहीं.

यांत आमचीहि चूक झालेली आहे. आणलेल्या गड्ड्यांचीं पानें माघांत वाळूं लागतांच आम्हीं रोज भरपूर पाणी घातलें, आणि मुळें कुजलीं. पुढील वर्षीं वाळलेलें झाड मेलें असें समजून तें उकिरड्याच्या कडेस सावलींत टाकलें. आषाढांत पाहतों तों त्यास कोंब फुटलेले! हा हंसराज उन्हाळ्यांत पानें टाकून विश्रांति घेतो, मरत नाहीं. त्या काळांत माती अगदीं कोरडी ठक्क पडूं नये इतपतच आठवड्यांतून एकदोनदां पाणी शिंपावें. रोपवाटिकांत मिळणारा, मूळचा दक्षिण अमेरिकेंतील नाजूक हंसराज मात्र बारमाही हिरवा राहतो. त्याची माती सुकूं देऊं नये.

कुंडीच्या तळाशीं खापऱ्या घालून त्यांवर २ भाग कुजलेला पालापाचोळा, १ भाग वाळू व १ भाग विटांचा व कोळशाचा चुरा असें मिश्रण भरावें. आपली काळी माती घालूं नये. ती पावसाळ्यांत चिकट होऊन मुळांची हवा कोंडते व उन्हाळ्यांत भेगाळते. आडवें वाढणारें खोड खोल न पुरतां जेमतेम झांकावें. ताजें शेणखत घालूं नये.

कुंडी उत्तरेकडील ओसरीवर, पाण्याच्या रांजणाजवळ ठेवावी. वैशाखांत येथें पारा ४५ अंशांच्या आसपास चढतो. परंतु उष्णतेहून कोरडा वारा अधिक घातक. यासाठीं बारमाही जातीची कुंडी दुसऱ्या मोठ्या कुंडींत ठेवून मधल्या पोकळींत वाळू भरावी, व ती वाळू ओली राखावी. कुंडीखालीं पाणी मात्र सांचूं देऊं नये.

रोपें वाढविण्यास मृगाचा पाऊस स्थिरावल्यावर गड्डे फोडून लावावे. आपल्या रानच्या जातीची आणखी एक सोय आहे: तिच्या पानाच्या लांब देंठाचा शेंडा ओल्या मातीस टेकला कीं तेथें मूळ धरून नवें रोप होतें. त्या शेंड्यावर लहानसा खडा ठेवावा, व रोप बळावल्यावर वेगळें करावें. मग विहिरींतील सर्व गड्डे उपटून आणण्याचें कारणच उरत नाहीं.

वाचकांपैकीं ज्यांच्या विहिरींत अद्याप हंसराज आहे, त्यांनीं यंदाच्या पावसाळ्यांत हा प्रयोग करून आपला अनुभव आम्हांस अवश्य कळवावा.