चीज किसताना लगदा होतोय? आधी वीस मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवा!

इयरफोन घालून ऐकणाऱ्यांचं स्वागत, आणि बसमध्ये उभं राहून इथे वाचणाऱ्यांचंही. आजचा भाग छोटा आहे, पण त्याची खूण माझ्या अंगठ्यावर अजून आहे.

झालं असं, की मे महिना होता. पुण्यातल्या आमच्या भाड्याच्या फ्लॅटवर सहा जण जेवायला येणार होते. महिनाअखेर, त्यामुळे बाहेरून पिझ्झा मागवणं परवडणारं नव्हतं. मी ऐटीत म्हटलं, "मी घरीच करतो!" चारशे ग्रॅम मोझरेला आणलं आणि कांदा, सिमला मिरची चिरून होईपर्यंत ओट्यावरच ठेवलं. अर्ध्या तासाने किसायला घेतलं, तर कीस कुठला, नुसता लगदा! किसणीची भोकं बुजली. मी चिडून जोर लावला, हात सटकला आणि अंगठ्याचं सालटं निघालं. रक्त लागलेलं चीज कुणाला खायला घालणार? सगळं कचऱ्यात. त्या रात्री आम्ही बिनचीजचा पिझ्झा खाल्ला. मित्र अजून चिडवतात.

दोष किसणीचा नव्हता बरं का. दोष उकाड्याचा, आणि माझ्या घाईचा.

बघा, चीज म्हणजे दुधातल्या प्रथिनांची जाळी. त्या जाळीत पाणी आणि स्निग्धांश अडकलेला असतो. फ्रीजमध्ये, साधारण ४ अंश सेल्सिअसला, हा स्निग्धांश बऱ्यापैकी घट्ट असतो. फ्रीजमधलं लोणी आठवा. पण ३० अंशांच्या पुढे तो बहुतेक वितळलेला असतो. मग चीजची वडी बाहेरून शाबूत दिसली तरी आतून मऊ पडलेली असते. किसणीची धार तिला कापत नाही, नुसती दाबते. म्हणून चीज चिकटतं.

उपाय एकदम सोपा आहे:

१. चीज झाकणाच्या डब्यात घालून २० ते ३० मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवा. मोबाईलवर टायमर लावाच.

२. किसणीच्या मोठ्या भोकांच्या बाजूला तेलाचं बोट फिरवा. दोन थेंब पुरे.

३. बाकीची सगळी तयारी आधी उरका. चीज अगदी शेवटी बाहेर काढा आणि लगेच किसा.

४. शेवटचा छोटा तुकडा किसू नका. तो सुरीने बारीक चिरा, नाहीतर सरळ तोंडात टाका. बोटं त्या तुकड्यावरच कापतात.

आता एक सावधानता. "वीस मिनिटांनी एवढा फरक, मग रात्रभर ठेवू की!" असं करू नका. मोझरेलात जवळपास निम्मं पाणी असतं. ते गोठलं की बर्फाचे कण आतली जाळी तोडतात, आणि मग लांब कीस न पडता भुगा होतो. आपल्याला चीज कडक करायचंय, दगड नाही.

सँडविचवर घालतो त्या प्रोसेस्ड चीजलाही हीच युक्ती लागू पडते. फक्त क्यूबऐवजी मोठा ब्लॉक घ्या, हातात नीट धरता येतो. पार्मेझानसारख्या कडक चीजला मात्र याची गरज नाही. त्यात पाणी मुळातच कमी असतं.

तुम्ही विचाराल, "अरे, मग पाकिटातलं किसलेलंच आणलं तर?" आणा की! फक्त पाकिटावरचे घटक वाचा. कीस एकमेकांना चिकटू नये म्हणून त्याला बहुतेकदा स्टार्च किंवा सेल्युलोज लावलेलं असतं. पिझ्झावर ते चालून जातं. पण पास्त्याच्या सॉसमध्ये घरी किसलेलं चीज जास्त छान, एकजीव वितळतं.

परवा त्याच सहा जणांना पुन्हा बोलावलं. या वेळी टायमर लावला होता. कीस मोकळा पडला, पिझ्झ्यावर चीजच्या तारा सुटल्या आणि अंगठाही शाबूत राहिला. ज्याने सगळ्यात जास्त चिडवलं होतं, त्यानेच शेवटचा तुकडा पळवला.

तुम्हीही करून बघा आणि कसं झालं ते मला व्हॉइस नोट पाठवून सांगा. भेटू पुढच्या भागात. तोवर बोटं सांभाळा!